शेवटच्या वळणावरची वाट

टायर बदलून होईपर्यंत दुकानाच्या बाकावर बसलेल्या तरुणीच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

"बाबा, तुम्ही शर्यतीत गाडी पळवायचात ना, त्या शेवटच्या वर्षाचे गुण मी पुन्हा मोजले. आताच्या नियमाने पहिल्या नंबराला दहाऐवजी पंचवीस दिले, तर चॅम्पियन तुम्ही! तुम्ही चार शर्यती जिंकलात, जे चॅम्पियन झाले त्यांनी दोनच."

"आणि तेव्हाच्या नियमाने?"

"तीन गुणांनी दुसरे. उद्या तुमच्या सत्कारात सांगूनच टाकू. वीस वर्षं उपविजेते म्हणवून घेताय."

"शेवटची शर्यत मी कशी जिंकलो, ठाऊक आहे?"

"शेवटच्या वळणावर त्यांना मागे टाकून. शंभरदा ऐकलंय."

"टाकतोय कसला! चॅम्पियन व्हायला त्याला दुसरा नंबर पुरेसा होता, म्हणून त्याने वाट दिली. पहिल्याला पंचवीस असते, तर त्याने मला पुढे जाऊ दिलं असतं होय?"

"म्हणजे माझं गणित चुकलं?"

"बेरीज बरोबर आहे गं. पण मग गाड्याच वेगळ्या धावल्या असत्या."

"मग उद्या काय सांगायचं?"

"त्याने वाट दिली, हेच. तेवढं मी आजवर कुणाला सांगितलं नाही."