समजले, असे मी म्हणालो

…आणि तुम्हाला सांगतो, ‘समजले नाही’ हे दोन शब्द या तोंडातून बाहेर पडावेत, आणि तेही विद्यापीठातल्या बाईंसमोर? चाळीस वर्षे मी पेणमध्ये गणपतीचे डोळे आखले. शाळा चौथीत सुटली, पुढचे सारे वाचून वाचून स्वतः शिकलो. आळीतली विम्याची पत्रे, कोर्टाच्या नोटिसा माझ्याकडे येतात आणि मी कुणालाही, अगदी कुणालाही, ‘ठाऊक नाही’ म्हणून परत धाडलेले नाही!

आणि नातीने विषय कोणता घ्यावा? क्वांटम! तोही सैद्धांतिक. म्हणजे यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, नुसती कागदावर आकडेमोड… सहा महिने सुरभी तेच करते आहे, आणि तिच्या मार्गदर्शक वैशालीबाई म्हणतात कशा, “शोधनिबंध पाठवायच्या आधी घरात कुणाला तरी समजावून सांग. त्यांना कळलं, तरच पाठवू.” घरात कुणाला? अर्थातच मला!

बसली समोर. “आबा, दोन कण. एकमेकांत गुंतलेले. एक पेणला, एक रोह्याला. इथल्या कणाचं माप घेतलं की रोह्याच्या कणाचं काय निघेल ते इथूनच सांगता येतं. पण निरोप मात्र जात नाही हां!” समजले, असे मी म्हणालो. मग पाच पाने… ग्रीक अक्षरे काय, कंस काय, कंसात कंस काय! समजले, असे मी म्हणालो. स्वयंपाकघरातून आमची बायको गोदूबाई ओरडते, “अवो, नाय कळला तं नाय म्हना ना! पोरीचा नुकसान कराल!”

तेवढ्यात बाईंचा व्हिडिओ कॉल. “आबा, कळलं का सगळं?” शब्द जिभेवर तयार होता हो… पण सुरभीकडे नजर गेली. इतके विश्वासाने पाहणारे डोळे मला चाळीस वर्षांत आखता आलेले नाहीत! आणि मी म्हणालो, “समजले नाही, बाई.”

“कुठे अडलात?”

“डोळे आखताना कुंचला अडखळला, की खाली माती उंचसखल आहे असे आम्ही धरतो. मी तिसऱ्या पानावर अडखळलो. तिथे ही पोर म्हणाली, ‘यावरून उघडच आहे.’ मला काहीही उघड दिसेना!”

बाईंनी पान काढले. वाचले. पुन्हा वाचले. “सुरभी, हे सिद्ध कुठे केलंयस?”

“मॅडम… मला वाटलं…”

“वाटलं?”

झाले! निबंध थांबला, पोर तीन आठवडे ती एक पायरी बांधत बसली, माझ्याशी चार दिवस अबोला. पण बांधली, आणि निबंध गेला. मी मनात म्हटले, सुटलो! कसचे सुटतो? बाईंचा फोन, “आबा, माझे आणखी चार विद्यार्थी आहेत, पाठवू का?” तेव्हापासून दर रविवारी मुंबईहून एकेक येतो, गोदूबाईचे पोहे खातो आणि कंस उलगडतो.

परवा प्रणित नावाचा मुलगा आला, आणि काय सांगू, त्याचे सारे मला पहिल्या दमात समजले! तर पोरगा रडकुंडीला आला, “आबा, मॅडमचा विश्वास नाही बसणार… कुठेतरी नीट अडखळून बघा ना!”

बसलो आहे अडखळत. दुसरे काय करणार?