जाळ्याचं कार्ड

गडचांदूरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एकमेकींना अनोळखी दोन बाया बसल्या होत्या. मधे तेराएक वर्षांची मुलगी, दोन्ही कान दाबून.

"पोरगी बोलत नाई का, बाई?"

"बोलते. गळ्यातल्या कार्डानं."

"या चित्रायनं?"

"हो. मासा दाखवला म्हंजे भूक लागली. हे जाळं तिनंच काढलं."

"जाळं म्हंजे?"

"गर्दीत, हॉर्ननं जीव घाबरते तिचा. आमी तलावात मासे धरतो. जाळ्यातला मासा कसा तडफडते, ते पाह्यते न ती."

"मंग तुमी काय करता?"

"काई नाई. जाळं दाखवलं का कोणी बोलाचं नाई, हात लावाचा नाई. तिचा आजाबी उठून अंगणात जाते."

"आजा आयकते?"

"पहिले नाई आयके. आता आयकते."

"काऊन रडते, काय झालं, कोणीच नाई विचारत?"

"नाई. शांत झाली का तीच येते बाहेर."

कोरपन्याची गाडी लागली. आई मुलीला घेऊन उठली.

"बाई, जाळ्याचं एखादं जास्तीचं कार्ड आहे का?"

"आहे. तुमच्या घरीबी असं लेकरू आहे?"

"लेकरू नाई. मलेच पाहिजे."