पायलटानं सांगितलं, मी लिहून घेतलं

आमी पेणच्या खाडीकडले, मिठागरावरचे. आई-बाबा दोघंही मीठ ओढायची, पायांना बारमाही चिरा, म्हणून मला शिकवली. परीक्षा देऊन मी विमानतळाच्या हवामान कचेरीत लागले, तर आई विचारायची, काय गो, दिवसभर तिकडं करतेस काय? मी सांगायची, पायलट बोलतात ते लिहून घेते. तिला हसू यायचं, बोललेलं लिहायचा पगार देतात व्हय!

काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं हवेचं सगळं यंत्रच सांगतं. नाय हो. रडारला पाऊस दिसतो, कोरड्या हवेतला दणका नाय दिसत, तो विमानात बसलेल्यालाच कळतो. म्हणून पायलट सांगतो, इथं, इतक्या वाजता, इतक्या उंचीवर असे दणके बसले, आनि विमान कुठलं तेही सांगतो, कारण मोठ्याला जे हलकं ते छोट्याला जबर. ते आमी लिहायचं, साहेबाला द्यायचं, साहेब कंट्रोलला कळवणार, कंट्रोल मागून येणाऱ्याला सांगणार, बाबा, तिथनं नको, पट्टे बांधा. एवढंच काम.

त्या दिवशी थंडीतली दुपार, आभाळ निळंभोर. गोव्याकडनं आलेला एक पायलट उतरून थेट आमच्या खिडकीशी आला. वायरलेसवर गर्दी होती, बोलायला जागाच मिळाली नाय म्हणाला. रोह्याच्या वर, घाटावरनं वारा खाली पडतो तिथं, विमान माझ्या हातात राहिलं नाय, मागच्यांना लगेच सांगा. मी वहीत लिहिलं, वेळ टाकली, साहेबांकडं धावले. ते स्क्रीन बघून म्हणाले, बाई, कुठं काय दिसतंय? नवा असंल, घाबरला. दुसरा कोणी सांगू दे, मंग बघू. मी म्हटलं, साहेब, दुसरा त्यातनं जाईल तवाच सांगंल ना? तर म्हणाले, तुमी लिहायचं काम करा.

आनि दुसऱ्यानं सांगितलं! छोटं विमान. चहा वाटणारी पोरगी छताला आपटली, मणका मोडला. मंग साहेबांनी इशारा काढला. व्हय, तवा काढला!

चौकशी लागली तसे साहेब माझ्या टेबलाशी आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताई म्हणाले. ताई, वहीतली त्या पहिल्या पायलटाची वेळ तेवढी पुढं करा, कोणाचं काय जातंय? मी वही पोटाशी धरली. म्हटलं, त्या पोरीचं गेलंय. वही चौकशीवाल्यांच्या हातात दिली. साहेब बढतीवर गेले, ऐका, बढतीवर! आनि मला स्टोअरात बसवली.

पोरीला बघायला गेले. तिनं विचारलं, मावशी, कोणाला आधी ठाऊक होतं का? मी म्हटलं, मला होतं. फोन टेबलावर होता, कंट्रोलचा नंबर पाठ होता. ती म्हणाली, मंग का नाय केलात? साहेबाचा राग मला हायच, मी मरेपर्यंत राहील, पण माझा मला येतो तो त्याहून मोठा.

आता रिटायर होऊन पेणच्या रामवाडीत राहते. ती पोरगी कमरेला पट्टा बांधून चालते, विमानात पाय ठेवत नाय, देव तिची पाठ सांभाळो. परवा नागोठण्याची एक मुलगी आमच्याच कचेरीत लागली म्हणून पाया पडायला आली. तिला म्हटलं, सुखी राहा गो, आनि पायलट बोलला की आधी फोन उचल, साहेबाला मागनं सांग. शिव्या खाशील. खा.