डाव्या दाराचं लॉक

माझ्या गॅलरीत फियाटचं हे जास्तीचं दार का पडलंय, विचारताय ना? ऐका.

बाबांच्या फियाटचं डावं दार वळणावर आपोआप उघडायचं. म्हणून वळण आलं की बाबा शेजारी बसलेल्या आईला सांगायचे, "दार धर गं."

बाबा गेल्यावर मी गाडी दुरुस्तीला काढली. दाराचं लॉक नाशकात कुठेच मिळेना. शेवटी मालेगावला एका भंगारवाल्याकडे सापडलं, तर तो म्हणतो, "लॉक सुटं देत नाय. अख्खं दार न्या." आणलं की अख्खं दार, कांद्याच्या पिकअपमधून!

लॉक बसवलं आणि आईला घेऊन दिंडोरीला निघालो. पहिल्याच वळणावर तिने दार घट्ट धरलं.

"सोड की आई. आता हत्ती टेकला तरी उघडणार नाही."

तिने सोडलं. पण पुढच्या दोन-तीन वळणांवर ती आधी दाराकडे बघायची, मग माझ्याकडे. मी घाबरून विचारलं, "काय गं, गाडी नीट चालत नाहीये का?"

"गाडी झकास आहे," ती म्हणाली. "पण वळण येतं आणि कुणी काही बोलतच नाही रे."

पुढे वळण दिसलं. मी गाडी हळू केली.

"दार धर गं."

तिने दोन्ही हातांनी धरलं.