लेलंडच्या मागच्या टायरांबाबत

नाव वॉरन टिब्स, वय ५६, धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करणे, राहणार ब्रॉली, कॅलिफोर्निया. समक्ष हजर राहून सांगतो की,

माझी पहिली तक्रार मयत लेलंड ग्रिफ याच्याविरुद्ध आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमचे ट्रेलर ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत शेजारी-शेजारी लागतात. रोज सकाळी तो माझे कॉफीचे भांडे उचलून नेई आणि तळाशी बोटभर वाळू ठेवून परत करी. मुदत अकरा वर्षे. जबाब लिहून घेणारे डेप्युटीसाहेब म्हणतात, याचा प्रकरणाशी संबंध नाही. तरी लिहून घ्यावे.

लेलंडचा भाऊ हॉलिस याने या ठाण्यात सांगितले आहे की, लेलंडची मुलगी मार्सी हिने चुकीचे टायर आणून दिले, म्हणून तो मेला. त्याबाबत मला विचारले. टायर बरोबर होते.

लेलंडच्या एटीव्हीला, म्हणजे वाळूत चालवायच्या चारचाकी गाडीला, आजवर साधे खाचांचे टायर होते. ते वाळूत चढण्याऐवजी खड्डा खणतात. आमच्या तळामागच्या मोठ्या टेकडीला आम्ही म्हातारी म्हणतो. अंगठ्याने हँडलवरचा गॅस पुरता दाबून धरला तरी लेलंड तिच्या अर्ध्यावर रुतायचा. यंदा मार्सीने मागच्या चाकांना पॅडल टायर आणले. त्यांवर वल्ह्यांसारख्या उभ्या रबरी पट्ट्या असतात. लेलंडला बारा पट्ट्यांचे हवे होते, कारण हॉलिसकडे बारांचे आहेत. मार्सी म्हणाली, "काकाचं इंजिन तुझ्या दुप्पट आहे, बाबा. तुझं बारा पट्ट्या ओढता ओढता गुदमरेल." तिने आठांचे घेतले. मीही तेच घेतले असते. पट्ट्यांची तोंडे योग्य दिशेला होती. हवा मी स्वतः मोजली.

शुक्रवारी सकाळी निघताना ती त्याला म्हणाली, "हे टायर चढतात, बाबा. पूर्वीसारखा गॅस दाबून धरू नकोस. माथ्याआधी अंगठा ढिला कर, गाडी आडवी घे, पलीकडे बघ."

"तुला सायकल कोणी शिकवली?"

"तूच. आणि कुंपणात घातलीस."

"ऐक तिचं," मी म्हणालो. "माथ्यावर तुला अजून कोणी ओळखत नाही."

तो हसला आणि त्याने हेल्मेट घातले.

आदल्या रात्री पश्चिमेचा वारा होता. त्याने म्हातारीची पलीकडची बाजू भिंतीसारखी कापली होती. खालून ते दिसत नाही. म्हणूनच माथ्यावर गाडी आडवी घेऊन पाहिल्याशिवाय आमच्यातले कोणी उतरत नाही. लेलंडलाही हे ठाऊक होते. पण तो माथ्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत कमी झाला नाही. टायर नवे होते, अंगठा जुना होता. गाडीच्या उंच काठीवरचा झेंडा माथ्यावर दिसला, मग दिसला नाही. मार्सी माझ्या आधी वर पोचली. हेलिकॉप्टर आले तेव्हा घाई उरली नव्हती.

शनिवारी सकाळी माझे कॉफीचे भांडे स्वच्छ होते.

मार्सी बाहेर बाकावर बसली आहे. जबाब मोठ्याने वाचावा व वाचताना दार उघडे ठेवावे, अशी विनंती मी केली. तसे केले. टायरांचा परिच्छेद माझ्या सांगण्यावरून दोनदा वाचला. दोन्ही वेळा तो मी सांगितल्याप्रमाणेच निघाला.

जादा मजकूर: टायरची हवा मोजायचे मीटर लेलंडचे आहे. मी ते गेल्या वर्षी मागून नेले होते. सही होताच ते मार्सीच्या हाती देत आहे. पोच नको.