एक उंदरीण कमी

…आणि वर मलाच म्हणतात, तू बेजबाबदार! अहो, सोळा उंदरांचं खाणंपिणं, हागणंमुतणं, बाळंतपणं मी एकटा बघत होतो, सहा महिने, मिल्टन कीन्समध्ये, आईबाबांच्या गॅरेजात, त्यांना पत्ता लागू न देता. ह्याला जबाबदारी लागत नाही? रोज संध्याकाळी मोजायचो. सोळा. आणि त्या दिवशी मोजले तर पंधरा. पुन्हा मोजले, बोट लावून. पंधरा. एक कमी.

थांबा, आत्ताच नाक मुरडू नका. उंदीर काय मी हौसेनं पाळले होते? उंदीर डेरेकसाठी. डेरेक म्हणजे माझा साप, चार फुटी पायथन, शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांचं नाव दिलेला, कारण तेही तासभर हलायचे नाहीत. पेट शॉपवाला फिल म्हणाला, विकत कशाला घेतोस मेट, घरीच वाढव, एक नर दोन माद्या, बाकी ते बघतात. आणि बघतात हो! वाढलेले मी फिललाच विकायचो. मी फक्त पंधरा दिवसांतून एकदा एक उंदीर मारून डेरेकपुढे ठेवायचा. कसा मारायचा ते नाही सांगत. डोळे मिटून मारायचो, एवढं सांगतो.

घरी मी सांगितलं होतं, साप अंडी खातो. घरच्यांनी मानलं! बाबा तर डॉक्टर, हाडांचे, तीस वर्षं इंग्लंडात हाडं जोडतायत, त्यांनीही मानलं. आई दर रविवारी माझ्या खोलीच्या दाराबाहेर एक उकडलेलं अंडं ठेवायची. ठेवून निघून जायची, कारण आई माझ्याशी बोलत नव्हती. मी फार्मसीचं दुसरं वर्ष सोडून आलो त्या दिवसापासून सात महिने एक शब्द नाही. जेवण झालं की ती सीमाताईला फोन लावायची, इल्फर्डला, तिच्या सासरी, आणि सांगायची, त्याला म्हणावं, ताट वाढलंय. मग ताई म्हणायची, दे त्याला, आणि मी स्वयंपाकघरात आईच्या शेजारी उभा राहून फोनवर ऐकायचो, ‘यशू, जेवायला बस रे.’ आणि बाबा? बाबा बोलायचे, पण माझ्याशी नाही, माझ्या भविष्याशी. ताईच्या नवऱ्याच्या, मोहनभावोजींच्या चुलत्यांची फार्मसी आहे इल्फर्डला, तिथे टूथपेस्ट मांडायला मला पाठवायचं ठरतच होतं. एक चूक झाली की मी आणि डेरेक बाहेर.

आणि चूक झाली. सीमाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. इल्फर्डला दोन हॉस्पिटलं सोडून मिल्टन कीन्सला! का? तर पहिलं बाळंतपण माहेरी. मी गॅरेजात उंदरांचं पाणी बदलत होतो आणि आत आरडाओरडा सुरू, पाणमोट फुटली, गाडी काढा. मी धावलो. बाबांनी गाडी काढली आणि एकाच राउंडअबाउटला तीनदा फिरवली. आयुष्यभर हॉस्पिटलात काढलेला माणूस, स्वतःच्या मुलीच्या वेळी त्याला डावं-उजवं कळेना! मागे ताई ओरडतेय, आई देवाचं म्हणतेय, आणि मला मधेच आठवलं… उंदरांच्या डब्याचं झाकण उघडंच.

परत आलो, मोजले. एक कमी. आणि कोण कमी? कानफाटी. कान फाटलेली राखाडी मादी, पोट जमिनीला टेकलेलं, आज-उद्या विणार अशी. गॅरेजातून स्वयंपाकघरात उघडणारं दार सताड उघडं.

तिसऱ्या दिवशी ताई बाळाला घेऊन घरी आली. मुलगी. माझ्या तळहाताएवढं डोकं. तुम्हाला सांगतो, मी तिच्याकडे बघितलं आणि मला कानफाटी आठवली, कारण उंदराला काय आवडतं ते मला माहीत. ऊब आवडते. मऊ कापड आवडतं. आणि दूध… बाळाच्या ओठांना दुधाचा वास येतो हो. उंदराचे दात बदामाचं कवच फोडतात, मी बघितलंय. मी सोफ्याखाली पीनट बटर लावून ठेवलं, फ्रिजमागे ठेवलं, जिन्याखाली ठेवलं. कुणी खाईना. मी भिंतींना कान लावून फिरायचो. आई ताईला म्हणाली, त्याला विचार, ऐकू येत नाही का नीट. सांगून टाकायचं होतं, दहा वेळा तोंड उघडलं. ज्या तोंडानं मी बाबांना सांगितलं होतं की तुमच्या महाराष्ट्र मंडळात सगळे एकमेकांच्या मुलांचे मार्क मोजायला जमतात, तेच तोंड. उघडायचं आणि मिटायचं. पंधरा, पुन्हा पंधरा. एक कमी.

आणि त्यात आली पाचवी. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, माहीत असेलच तुम्हाला. वेम्बलीहून उल्कामावशी आली, आईची बहीण, सगळ्या विधींची सुपरवायझर. पाटा नाही म्हणून चॉपिंग बोर्ड पूजला. हळदकुंकू, भात, दिवा. बाळाची मोझेस बास्केट, म्हणजे झोपायची टोपली, खाली जमिनीवर, रेडिएटरच्या उबेला, आणि उशाशी कोरा कागद आणि बाबांचं फाउंटन पेन. देवीला बॉलपेन चालत नाही, मावशी म्हणाली. मी म्हटलं, बास्केट वर ठेवा, पलंगावर ठेवा. मावशी म्हणाली, कॉलेज सोडलंस ना, आता शास्त्र नको शिकवूस. मी रात्रभर जिन्यात बसणार होतो. पहाटे डोळा लागला, माझंच चुकलं.

सकाळी उठलो ते मावशीच्या आवाजानं. सटवाईनं लिहिलं म्हणे! सगळे जमले. कोऱ्या कागदावर बारीक बारीक पिवळ्या खुणा, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. मावशी वाचत होती, चष्मा लावून. ही ओळ लांब आहे, म्हणजे आयुष्य. हे गोल, म्हणजे स्टेथोस्कोप. मुलगी डॉक्टर होणार गं! आणि हे म्हणताना माझ्याकडे बघितलं. बाबांनी कागद घेतला, खिडकीशी नेऊन एक्सरेसारखा उजेडात धरला, आणि हा माणूस, हा सायन्सचा माणूस, म्हणाला, ‘इंटरेस्टिंग.’ वर म्हणाले, हॉस्पिटलात फोटोकॉपी काढतो.

मी बघितलं. चार बोटं पुढच्या पायाची. पाच मागच्या. हळदीच्या ताटातून निघून, कागदावरून, थेट बास्केटच्या कडेपर्यंत. आणि बाळाच्या दुपट्यावर, हनुवटीपासून दोन बोटांवर, एक पिवळा ठिपका.

मी तिथेच खाली बसलो. आणि म्हटलं, ‘ते उंदराचे पाय आहेत. माझ्या उंदराचे.’

मग सगळंच सांगितलं. गॅरेज, सोळा, कानफाटी, झाकण, अंडीसुद्धा. मावशी म्हणाली, देवाची कुचेष्टा करतो मेला. बाबांनी कागद पुन्हा उजेडात धरला. पण सीमाताईनं ऐकलं. तिनं बाळाला उचललं, पूर्ण उघडं केलं आणि बोटं मोजायला लागली. हाताची. पायाची. मग कान. मग नाकाचा शेंडा. दोनदा चुकली आणि पहिल्यापासून मोजलं. वीस. काही कमी नाही. ताई मटकन पलंगावर बसली आणि बाळ रडायला लागलं, आणि तुम्हाला सांगतो, इतका चांगला आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

तेवढ्यात आई निघाली होती. कार्पेटवरचा डाग तिला रस्त्यावरून दिसतो. एकेक पिवळा ठिपका बघत ती बाथरूममधल्या एअरिंग कपबोर्डशी गेली, गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट, जिथे तिनं जुन्या सुती साड्यांचे लंगोट आणि दुपटी घडी करून ठेवली होती. दार उघडलं. खालच्या फळीवर, दुपट्यांच्या घरट्यात कानफाटी, पिवळ्या पायांची, आणि पोटाला अकरा गुलाबी पिल्लं. बाबा बाथटबच्या काठावर चढले. माणसांची मांडीची हाडं करवतीनं कापणारे बाबा! तिथूनच म्हणाले, कौन्सिलला फोन करा, विष घालतील. मी डोळे मिटले. गेलं सगळं, म्हटलं. इल्फर्ड, टूथपेस्ट.

आईनं वाकून पिल्लं मोजली. मग माझ्याकडे वळली. ताईकडे नाही, फोनकडे नाही. माझ्याकडे.

‘किती दिवस झाले हिला?’

‘दोनतीन… असतील.’

‘आणि खायला काय दिलंस?’

आईनं बाबांना खाली उतरायला सांगितलं. म्हणाली, माझ्या घरात बाळंत झालीय, सव्वा महिना हिला कुणी हात लावायचा नाही, आणि घरात बाळंतीण असेपर्यंत त्या सापाच्या तोंडी एकही उंदीर जायचा नाही. मावशी काहीतरी म्हणायला गेली, तर तिला म्हणाली, तू अळिवाची खीर ढवळ.

आता तुम्हीच सांगा. सव्वा महिना म्हणजे अडतीस दिवस. उंदरीण विते बावीस दिवसांत. कानफाटी उठायच्या आत दुसरी बसली, दुसरी उठायच्या आत तिसरी आणि चौथी. मी नर वेगळे काढतो म्हणालो तर आई म्हणाली, भरलं घर मोडू नकोस. डेरेक बिचारा उपाशी, शेवटी फिलच्या हवाली करून आलो, तिकडे त्याला जेवायला मिळतं.

आई आता माझ्याशी रोज थेट बोलते. विचारते, त्यांनी खाल्लं का. एकशे चार आहेत. म्हणजे साप गेला, त्याचं जेवण राहिलं, आणि त्या जेवणाला जेवू घालायला मी.