सत्तरच्या पुढे

नाही हो ताई, गंज कुठेच नाही, हात फिरवून बघा — चाकंसुद्धा गुळगुळीत आहेत, दोन महिनेच तर वापरलंय. जवाचा चहा घ्या आधी, निवतोय. विकतेय कशाला म्हणता? जागा अडते, दुसरं काय. बाळंतपणानंतर पोट काही आत जाईना, स्टुडिओत जायचं तर हाओनला ठेवणार कुणाकडे, आठ महिन्यांचं पोर — म्हणून हे पिलाटेस व्यायामाचं मशीन जुनंच आणलं, पूर्वेच्या इमारतीतल्या एका बाईकडून. रोज दहाला तो झोपला की मोबाइल उभा करायचा आणि त्यातली बाई सांगेल तसं — बरगड्या मिटा, श्वास सोडा.

आजच नेलंत तर बरं. आज चंद्राच्या कॅलेंडरची दहा तारीख ना, नऊ-दहाला कुठल्याच दिशेला भूत नसतं. हा दिवस चुकला की पुढचा एकदम नऊ दिवसांनी. तुम्ही मानता? मी कुठे मानायची. तरी आणताना कॅलेंडर बघितलं होतं बरं का, नऊ तारीख बघूनच आणलं — पण बघितला तो वरचा मोठा आकडा, खालचा बारीक, चंद्राचा, तो बघायचाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, भूत त्या दिवशी पूर्वेला बसलं होतं आणि तू पूर्वेकडूनच ओढून आणलंस, शहाणे. उंबऱ्यावर जाडं मीठ फेकलं आणि हाओनला पाठीला बांधून आपल्या गावी, देजॉनला घेऊन गेल्या. हे मशीन घराबाहेर पडल्याशिवाय पोर परत आणणार नाहीत. अठरा दिवस झाले.

का म्हणजे — लागलं त्याला. थोडंसं. करंगळीचं पेर. नाही, टाके निघाले, बोट वाचलं, नखाचं डॉक्टर सांगत नाहीत. रुळांवरची गादी आपोआप मागे सरकली, असं मी सगळ्यांना सांगितलं. हाओनच्या बाबांनाही. असं होतं ना कधीकधी, स्प्रिंगा ओढतात — नाही. होत नाही. तुम्ही करता, तुम्हाला ठाऊकच आहे.

तो शंभरचा व्यायाम होता. डोकं उचललेलं, पाय वर, हातातले दोर खाली दाबून गादी ओढून धरलेली, श्वासावर मोजत शंभर. त्या दिवशी पहिल्यांदाच न थांबता जमत होतं. सत्तरला तो रडला. ऐकलं मी, ताई. स्पष्ट ऐकलं. म्हटलं, तीसच राहिलेत. मग गप्प झाला — म्हटलं, झोपला असेल. तो रांगत आला होता, माझ्याच पायांखाली, रूळ धरून उभा राहायला बघत होता. मी शंभर म्हटलं आणि दोर सोडले.

अठरा दिवस हे भिंतीला उभं होतं, आज तुमच्यासाठी आडवं केलं. तरी दहा वाजले की चाकं वाजतात. वाजतात म्हणजे — भांडी घासता घासता मी मोजायला लागते, माझं मलाच कळत नाही, आणि सत्तरला तो रडतो. नळ बंद करून खोलीत जाते. अंथरूण तसंच, घडी न मोडलेलं. परत येते, परत सत्तर. सासूबाईंचं भूत बरं, मिठानं तरी जातं.

तुमचा फोन वाजतोय. घ्या की. — हे कोण, फोटोतलं? तुमचं? सात महिन्यांचं. रांगतं? परवापासून. बरं. आणि तुम्ही व्यायाम करणार तेव्हा ते — हो, झोपलेलं असेल. झोपलेलंच असतं.

नाही, देत नाही मी. पाकीट आत ठेवा. खालच्या माणसांना सांगा, टेम्पो रिकामाच न्या. भंगारात घालीन, तोडून, नऊ दिवसांनी. देजॉनला काय कळवायचं ते मी बघते. रागवा खुशाल. पण बूट घाला आणि निघा, ताई — तुमचं उठलं असेल एव्हाना.